अब्बांची खिडकी

सातारा

"नको म्हटलं ना!"

दस्तगीरने खांद्यावर घातलेली घोंगडी शमशेरने झटक्याने दूर लोटली. मोटारस्टँडवरची माणसं वळून बघू लागली, धाकट्याचा चेहरा एवढासा झाला... पण मोठ्याचं काळीज आज द्रवणार नव्हतं! त्याच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला तंबोरा होता. त्याने स्वतः घडवलेला. नाकारलेला.

मिरजेहून दोघे भाऊ आपापला तंबोरा घेऊन आले होते. गवईबुवांनी काल दस्तगीरचा ठेवून घेतला. आणि अम्माचा शब्द होता : बुवा ज्याचा निवडतील, तो अब्बांच्या खिडकीत बसेल. घरच्या कारखान्यातल्या त्या खिडकीच्या उजेडात अब्बा प्रत्येक तंबोऱ्यावर शेवटची कानस फिरवीत. ते गेल्यापासून दोन वर्षं जागा रिकामी होती. शमशेर मात्र तीस वर्षं तिच्याकडे पाहत होता...

उंब्रज

लढाईमुळे पेट्रोल नाही, मोटार कोळशाच्या गॅसवर. ड्रायव्हर केरबा मागची भट्टी ढवळत ओरडला, "उतरा पावनं! थंडीत ही बया तापल्याबिगर हलायची न्हाई."

अब्बा इथंच चहा पीत. कप स्वतःला, बशी मांडीवरच्या दस्तगीरला. शमशेरला? "तू मोठा हायेस, सामान बघ."

दस्तगीर वाफाळता कप घेऊन आला. "भाई, पयला तुमाला."

पहिला! जिंकलेल्याचा दानधर्म! शमशेरने कप घेतला आणि सावकाश, त्याच्या डोळ्यांदेखत, धुळीत ओतला.

कराड

इथं अब्बा काय घेत, ते सांगायचं होतं. पण शमशेरला कराड दिसतच नाही. दिसते ती कालची पहाट.

दस्तगीर नमाजाला गेलेला. प्रवासासाठी तारा सैलच होत्या. शमशेरने भावाच्या तंबोऱ्याची घोडी काढली, तारा जिच्या पाठीवरून जातात ती हाडाची घोडी, आणि कानस उचलली. घोडी नेमकी घासली तरच तारेला जवारी, म्हणजे ती भरीव गुंज येते; चार वाकडे हात मारले की आवाज मुका!

एक. दोन. तीन. चार.

मन म्हणत होतं, बिघडव. आणि बोटं... तीस वर्षांची ती शिकली-सवरलेली बोटं, जिथं उंचवटा होता तिथंच गेली, जेवढा काढायचा तेवढाच काढून थांबली. बाहेर चपला वाजल्या. घोडी जागच्या जागी.

मग बुवांनी तार छेडली, आणि तिच्यातून असा गुंजारव उठला की माडी भरून गेली! "वाहवा! दस्तगीर, अशी जवारी तुमच्या अब्बांनंतर आज ऐकली!"

दस्तगीर मान खाली घालून गप्प.

ती जवारी शमशेरची होती. आयुष्यातली सर्वांत चांगली. आणि सांगणार कुणाला, कोणत्या तोंडाने? स्वतःच्याच हाताचा हेवा करायची वेळ कुणा अभाग्यावर आली असेल का!

आष्टा

गुऱ्हाळाचा धूर. इथं मात्र अब्बा दोघांनाही गूळ देत... धाकट्याला मोठा खडा.

दस्तगीर पानावर गरम गूळ घेऊन आला. सगळा एकाच पानावर.

"भाई, लय गप हायसा. मीबी कालपास्नं गप हाय." त्याने पान भावाच्या हातावर ठेवलं. "माझी जवारी अशी बोलत न्हाई. बुवांनी तार छेडली आन् मला तुमचा हात वळखू आला. पहाटं माझी घोडी तुमी घासलीसा न्हवं? सोताचा तंबोरा मागं ठेवला, माझा फुडं काढला! तिथं बोललो असतो तर रडूच फुटलं असतं. घरी अम्माला समदं सांगनार हाय. खिडकी तुमची."

शमशेरच्या तळहाताला गूळ चटके देत होता. खिडकी! फक्त गप्प बसायचं. एवढंच...

सांगली

कृष्णेच्या पुलावर मोटार मंदावली. पाण्यावर उतरत्या दुपारचं ऊन.

"दस्तगीर."

"व्हय, भाई?"

"मी तुझी घोडी बिघडवाय बसलो होतो."

दस्तगीर हसला. थट्टाच असावी. मग त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"चांगली झाली ती हातानं केली. मी न्हाई."

"आन् मी..." दस्तगीर बाकावर मागे सरकला. "मी रातभर तुला दुवा देत हुतो!"

तो उठला आणि पुढे केरबाशेजारी जाऊन बसला. मिरजेपर्यंत त्याची पाठच दिसत राहिली.

मिरज

दारात अम्मा, साबेराबी उभ्या. "कुनाचा घेतला रं?"

"माझा," दस्तगीर म्हणाला आणि सरळ जाऊन अब्बांच्या खिडकीत घोंगडी पसरून बसला.

शमशेरने आपला तंबोरा कोपऱ्यात टेकवला आणि तो दाराकडे वळला. आता या कारखान्यात त्याचं काय होतं?

"कुटं चाललासा, भाई? आना तो तंबोरा हिकडं."

दस्तगीरने गोधडी सोडली. मोठ्याच्या तंबोऱ्याच्या सैल तारा बाजूला सारल्या, घोडी काढली. मग घोंगडीवर थोडा सरकला आणि मोकळ्या जागेत घोडी आणि कानस ठेवली.

"हितं बसा. घासा. माझ्याम्होरं, उजेडात."

"दस्तगीर, मला माफ..."

"ते मागनं बगू. ऊन हाय तवर हात चालवा."

शमशेर बसला. पहाटेच्या चोरीत न कापलेला हात आता लटलट कापू लागला, कानस धरवेना, डोळ्यांतलं पाणी हाडावर टपटपलं... दस्तगीरने ते सदऱ्याच्या बाहीने पुसलं. आणि लहानपणी अब्बा धरीत तशी, खालून दोन बोटं लावून, त्याने भावाचं मनगट सावरलं.

एक.