दुसरा कोअर कशाला?

तीन दुकानं फिरले. तिन्हीकडे तोच प्रश्न – "भावासाठी का?" मला भाऊ नाही. असता तरी माझ्या कमाईचं गेमिंग मशीन मी त्याला दिलं नसतं.

चौथ्या दुकानात शिरतानाच पाय वायरीत अडकला. टेबलावरचा कॉम्प्युटर फटकन बंद. त्यामागून चष्मा लावलेलं एक डोकं वर आलं.

"शेवटची लेव्हल होती…"

"सेव्ह केली नव्हती? मग तुमचीच चूक."

तो हसला. म्हणाला, "तुम्ही काय खेळता?"

भावाचं नावच नाही! मी तिथेच अर्धी गारद.

गल्ल्यावरून त्याचे काका ओरडले, "ड्युअल कोअरचा प्रोसेसर दाखव त्यांना! एका डोक्यापेक्षा दोन बरी. जमाना दोनचा आहे."

"काका, यांचे गेम एकच कोअर वापरतात. त्याच पैशात सिंगल जास्त वेगाचा मिळतो. दुसरा कोअर नुसता जावयासारखा बसून राहील." मग माझ्याकडे वळून, "गेम चालू असताना मागे आणखी काही चालतं? गाणी… गप्पा?"

"गप्पा कुणाशी? मी एकटी खेळते."

"मग… सिंगलच घ्या."

काकांनी कपाळावर हात मारला. चष्मेवाल्यानं प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली, अगदी अलगद. मी पेस्ट बघत होते असं म्हणायला हरकत नाही.

जाताना म्हणाला, "ऑनलाइन येत जा. मीही असतो."

गेले. रोज जायला लागले. हेडफोनमध्ये त्याचा आवाज – "डावीकडे बघ… अगं, तुझी डावी!" तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही. पण त्यानं तोंड उघडलं की माझं मशीन धापा टाकायचं. एकटा कोअर गेम सांभाळणार की त्याचा आवाज? गेम अडखळायचा, आवाज तुटायचा, आणि मी मरायचे. तो काहीतरी हळवं बोलायला लागला की नेमकं "तुझ्या… शि… करम…"

एकदा वैतागून आवाज बंद केला. मशीन वाऱ्यासारखं धावलं. सगळ्यांना लोळवून जिंकले. आणि खोली अशी सुनी वाटली, की जिंकल्याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मशीन उचलून थेट दुकानात.

"प्रोसेसर बदल. ड्युअल घाल."

"मी म्हणत नव्हतो?" काका गल्ल्यावरून उसळले.

चष्मेवाला काकांपुढे साळसूद. "अहो, पण गेमचा वेग कमी होईल."

"होऊ दे."

"हराल तुम्ही."

"हरेन. खेळताना मला तुझा आवाज हवाय. तुकड्या-तुकड्यांत नको, अख्खा हवाय. आता काकांसमोर पुन्हा 'तुम्ही' म्हणालास तर दुसऱ्या दुकानात जाईन."

काकांनी नोटा मोजणं थांबवलं.

त्यानं मान खाली घातली. कान लालभडक. "त्या दिवशीच ड्युअल घे म्हणणार होतो… पण तू म्हणालीस, एकटी खेळते. मग खोटं कसं सांगू?"

"आणि आता?"

"आता… खरंच लागेल. रोज लागेल."

नवा प्रोसेसर बसवून त्यानं पेस्टची नळी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि दाबली. तांदळाचा दाणा कुठला, चांगला वाटाण्याएवढा गोळा पडला.

"पूस आणि परत लाव," काका म्हणाले. "आणि या खेपेला खाली बघून लाव, गाढवा."