पहिलं पाच मिली

दुपारी दोनचं रक्ताचं सॅम्पल घ्यायचं होतं, एवढंच काम. माझी सकाळची ड्यूटी संपून तिथेच दुसरी लागली होती, कारण सुशिलाबाई रजेवर आणि बदली माणूस नाही. गोंदियातल्या त्या खाजगी दवाखान्याच्या आयसीयूत मी नऊ वर्षं काढली. मे महिन्यात दुपारपर्यंत पायांना गोळे यायचे, पण बसा म्हणणारं कोणी नव्हतं.

कूलर घरघरत होता. ओल्या वाळ्याचा आणि स्पिरिटचा वास एकमेकांत मिसळला होता. चार नंबरवर सेवकराम रहांगडाले, सडक अर्जुनीकडचे शेतकरी, बेशुद्ध, तोंडात श्वासाची नळी. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या लाइनमधून ग्लुकोज चालू होतं. उशाशी त्यांची बायको जमुनाबाई उभी होती.

अशा लाइनमधून रक्त घ्यायचं तर आधी ग्लुकोज थांबवायचं, थोडं थांबायचं, लाइनचं तोंड स्पिरिटनं घासायचं आणि पहिलं पाच मिली रक्त काढून फेकायचं. त्यात लाइनमधलं ग्लुकोज मिसळलेलं असतं, शुगर खोटीच वाढलेली दिसते. दुसऱ्या सिरिंजमध्ये येतं ते खरं रक्त. पण हे फेकणं आमच्याकडच्या लोकांना बघवत नाही.

"बाई, येवढा रगत फेकता कायले?" जमुनाबाई म्हणाल्याच. "आंगात आधीच नाई त्याइच्या."

"फेकावंच लागतं, मावशी."

आठ दिवसांपूर्वी मी हे उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा याच खाटेवर कवडू होता. त्याची बायको नंदाबाई सिरिंज बघून रडायला लागली. मी इतकी थकले होते की समजावणं जिवावर आलं. ग्लुकोज चालू ठेवूनच पहिलं रक्त ट्यूबमध्ये भरलं आणि पाठवलं. शुगर आली पाचशे बारा. डॉक्टरांनी फोनवर इन्सुलिन सांगितलं, मी दिलं. त्याची खरी शुगर आधीच खाली गेलेली असणार, इन्सुलिननं ती आणखी उतरली. संध्याकाळी तो गेला. निघताना नंदाबाई माझ्या पाया पडली, "लय केल्या बाई तुमी आमच्यासाठी." मी कुणाला काही सांगितलं नाही. नोकरी गेली असती. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

म्हणून त्या दुपारी सगळं नेमानं केलं. ग्लुकोज बंद. स्पिरिट. पहिली सिरिंज जोडली, क्लॅम्प उघडला... आणि मी ओढायच्या आधीच दट्ट्या मागे सरकू लागला. सावकाश, कुणीतरी आतून ढकलावा तसा. पाचच्या रेघेवर येऊन थांबला.

"का झाला, बाई?"

"काही नाही..."

ती सिरिंज बादलीत टाकली. दुसरीत सॅम्पल घेतलं, लाइन सलाइननं धुतली, ग्लुकोज पुन्हा चालू केलं. ट्यूबवर सेवकरामचं नाव लिहून मी स्वतः लॅबच्या खिडकीत ठेवून आले. एकच ट्यूब.

अर्ध्या तासानं फोन वाजला. लॅबमधला रोशन होता.

"सिस्टर, सेवकरामची शुगर ठीक हाय, एकशे दहा. पन दुसऱ्या ट्यूबची एकवीस आली. जल्दी ग्लुकोज लावा, नाईतर मानूस हातचा जाईन."

"दुसरी कुठली? मी एकच ठेवली."

"कवडूची. नाव तुमच्याच अक्षरात हाय. मी डॉक्टर सरले सांगून टाकलो, ते खाली उतरून रायले."

मी वळून चार नंबरच्या खाटेकडे बघितलं.

"रोशन... कवडूला जाऊन आठ दिवस झाले."

"मजाक कायले करता, सिस्टर..." तो अगदी हळू बोलला. "ट्यूब माह्या हातात हाय. आताही गरम हाय."