झाकणाच्या आतली सही

हॅडलींच्या जूडीचं लग्न ठरलं त्या वर्षी, म्हणजे १९८९च्या वसंतात, सनीव्हेलमधल्या एका कंपनीने नव्या संगणकाची, युनिक्स वर्कस्टेशनची, घोषणा केली. यंत्र प्रत्यक्ष हाती यायला पानगळ उजाडणार होती. पण घोषणा झाली की दुसऱ्या दिवसापासून लोकांचे प्रश्न सुरू होतात, आणि ते प्रश्न येत त्याच कंपनीत ग्राहकांना उत्तरं देणाऱ्या जूडीच्या आईकडे, लोइसकडे. जुनी डिस्क याला लागेल का? मेमरी किती वाढवता येईल? आमचे जुने प्रोग्राम यावर चालतील का? लोइस माहितीपत्रक बघून उत्तरं लिही. अडलं तर जिना चढून नवऱ्याला, वॉरनला विचारी. ते यंत्र घडवणाऱ्यांत वॉरन एक होता.

वॉरनच्या हृदयाने मागे एकदा दगा दिला होता. लग्न दहा जूनला होतं आणि जूडीला वडिलांचा हात धरूनच वेदीपर्यंत चालायचं होतं. तोवर हा माणूस धड राहू दे, एवढंच लोइस रोज मनात म्हणे.

मे महिन्यात ई-मेलने एक प्रश्न आला. ‘नव्या यंत्राच्या पंख्याचा आवाज दुपारनंतर वाढतो. हे नेहमीचंच का?’

लोइसला हसू आलं. तिने लिहिलं, ‘नवं यंत्र अजून कुणालाच मिळालेलं नाही. तुमचं जुनं असेल.’

‘नवंच आहे,’ उत्तर आलं. ‘डिस्कच्या कप्प्याचं दार डावीकडे उघडतं.’

ते दार डावीकडे उघडायचं, हे वॉरनने आदल्या संध्याकाळी जेवताना ठरवलं होतं. टेबलावर तेव्हा दोघंच होती.

लोइसने नेटवर्क सांभाळणाऱ्या चकला गाठलं.

“कुणीतरी तुझी फिरकी घेतंय, बाई,” चक म्हणाला. “या पत्त्याचं ठिकाणच नाहीये कुठे.”

“मग माझी उत्तरं जातात कुठे?”

चकने कॉफीचा कप खाली ठेवला. “तेच कळत नाहीये. पोचलं नाही की पत्र परत येतं. तुझी येत नाहीयेत.”

पुढचा प्रश्न जेवणाच्या सुट्टीनंतर आला.

‘मेमरी घालायला झाकण काढलं. आतल्या बाजूला सह्या आहेत. वॉरन हॅडली या सहीखाली दोन तारखा आहेत. १२ नोव्हेंबर १९३१ आणि ३ जून १९८९. त्या कशासाठी?’

पहिली तारीख वॉरनच्या जन्माची होती. दुसरी अजून यायची होती, लग्नाच्या आठवडाभर आधीची. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, उभ्या गाड्यांचे टप चकाकत होते, शेजारच्या खोलीत प्रिंटर कुरकुरत होता. सगळं रोजचंच.

ती जिना चढली. यंत्र घडवणाऱ्यांनी एका कागदावर सह्या करायच्या आणि त्या झाकणाच्या साच्यात आतून कोरायच्या, अशी तिथली रीत होती. बाहेरून त्या कुणाला दिसत नसत. कागद वॉरनच्या टेबलावरच होता. बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या. कोपरा तेवढा रिकामा होता.

“वॉरन, तू सही करू नकोस.”

“का गं? तीन वर्षं काय झक मारली मी इथे?”

“माझ्यासाठी नको करूस.”

“जूडीच्या लग्नाने तुझं डोकं फिरलंय.” मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. “बरं बाई, नाही करत. साचेवाला उद्या कागद न्यायला येईल. तोवर वारं उतरलं तर सांग.”

रात्री तिला शांत झोप लागली. सकाळी संदेश येऊन पडला होता.

‘आज पाहिलं तर ती सही नाही. जागा गुळगुळीत आहे. तारखा मात्र तशाच आहेत. हा दोष समजायचा का?’

सही पुसली गेली तरी तारीख हटली नव्हती.

लोइस वर गेली. वॉरन बैठकीत होता. काचेपलीकडे तो कशावर तरी मोठ्याने हसत होता. साचेवाला कागद गुंडाळायला लागला होता.

“थांबा जरा,” ती म्हणाली.

तिने पेन उचललं आणि रिकाम्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव लिहिलं.

“तुम्हीपण यातल्याच?” साचेवाल्याने विचारलं.

“मी उत्तरं देते.”

खाली आली तेव्हा पडद्यावर नवा संदेश होता.

‘आता सही आहे. पहिली तारीखही बदललेली दिसते. ८ ऑगस्ट १९३४. दुसरी तीच आहे. माझे प्रश्न संपले. आभारी आहे.’

आपला वाढदिवस तिने त्या इमारतीत कधी कुणाला सांगितला नव्हता.

तिने नेहमीसारखी एक ओळ लिहून पाठवली, ‘आणखी काही अडलं तर जरूर कळवा.’ ते पत्रही परत आलं नाही.

लग्न पुढे ढकललं गेलं आणि सप्टेंबरात झालं. वॉरनने जूडीचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेलं. लोइस हॅडली ३ जून १९८९ रोजी, शनिवारी सकाळी, लेकीच्या लग्नाच्या झग्याला इस्त्री करताना वारली.