भुवयांचा होकार

व्हालेहो या अमेरिकन गावच्या खाडीवरून धुकं असं दाटून आलं होतं, की बेकरीसमोरची रांग नुसत्या खोकल्यांवरून ओळखावी. गल्ल्यावर क्रिसांतो. भट्टीतून नुकतेच निघालेले पान दे साल, तळहाताएवढे मऊ पाव, कागदी पिशवीत भरत होता. तेवढ्यात रांगेतून पुढे आली ती. अंगावर वृद्धाश्रमाचा जांभळा गणवेश, केस विस्कटलेले, डोळ्यांत अख्ख्या रात्रपाळीचं जागरण.

"डझनभर?" त्यानं विचारलं.

तिनं भुवया उंचावल्या.

"गरमच देऊ?"

पुन्हा भुवया. फिलिपिनो माणसाला होकारासाठी तोंड उघडावं लागत नाही; भुवई हलली की झालं. पिशवी घेताना मात्र ती गोड आवाजात म्हणाली, "आभारी आहे, कुया."

कुया! म्हणजे सरळ दादाच! क्रिसांतोच्या हातातला चिमटा निसटला.

"बाकी काहीही म्हण," तो म्हणाला, "दादा तेवढा करू नकोस."

तिचं नाव जोव्हेलिन. ती दर मंगळवारी, शनिवारी येऊ लागली, आणि पावाबरोबर तिची कथाही थोडी थोडी उलगडू लागली. मायदेशी, इलोइलोला, तिनं नर्सिंगची पदवी घेतली होती. सात बाळं तिच्या ओंजळीत जन्मली होती. पण इथल्या परवाना कचेरीनं कळवलं, की बाळंतपणाचा अभ्यास तू एका सहामाहीत केलास आणि वॉर्डातलं काम पुढच्या. इथे दोन्ही एकत्रच लागतं. म्हणून शिक्षण अपुरं. तो एक विषय इथल्या कॉलेजात पुन्हा मुळापासून करायचा. जागा मिळायलाच अडीच वर्षं गेली. तोवर ती सहा म्हाताऱ्यांना न्हाऊ घालत राहिली, भरवत राहिली, आणि एकदाही रडगाणं गायली नाही. क्रिसांतोला वाटे, एवढी ताकद या एवढ्याशा मनगटांत मावते तरी कुठे…

मग मे महिन्यातल्या एका शनिवारी ती आली ती उतरल्या चेहऱ्यानं. कॉलेजात त्या विषयाच्या प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. समोर प्लास्टिकचं बाळ. परीक्षक बाईंनी विचारलं, श्वास पूर्ण मिनिटभर मोजलास? जोव्हेलिननं भुवया उंचावल्या. नाळ पाहिलीस? भुवया. पाच प्रश्न, पाच वेळा भुवया. बाईंनी पाचही ठिकाणी लिहिलं — उत्तर नाही. नापास. आता तीन आठवड्यांनी एकच संधी. ती हुकली तर विषय गेला, जागा गेली.

क्रिसांतोला आधी हसू फुटलं. तिचा चेहरा पाहून ते विरलं.

शेजारच्या नेवाडा राज्यातली तिची मामेबहीण बोलावत होती. तिकडे जुनी कागदपत्रं चालतील म्हणे. जाऊ का, असं तिनं त्यालाच विचारलं. त्याचं मन नाही म्हणत होतं. तो म्हणाला, "जा. तुझ्या हातांना अडवणारा मी कोण?"

"तू कोण, ते मी विचारलंच नव्हतं," ती शांतपणे म्हणाली. "जाऊ की राहू, एवढंच विचारलं."

"राहिलीस तर… मी शिकवेन."

"पाव भाजायला?"

"बोलायला."

ती राहिली.

दुपारी बेकरी मिटली की पिठाच्या टेबलावर शिकवणी सुरू होई. मळलेल्या कणकेचा गोळा दुपट्यात गुंडाळून त्याचं बाळ केलेलं. नियम एकच: भुवई हलली की एक ट्रे घासायचा. पहिल्या दिवशी तिनं अकरा ट्रे घासले. दुसऱ्या दिवशी सहा. पण त्या कणकेच्या मानेखाली ती हात असा सरकवी, जणू खरंच तिथं कुणी श्वास घेतंय… आणि क्रिसांतो बघतच राही.

"पुढचा प्रश्न?"

"विसरलो."

"मग हा ट्रे तू घास."

परीक्षेच्या दिवशी तो पावाची गाडी घेऊन कॉलेजबाहेर उभा होता. दार उघडलं. ती सावकाश चालत आली.

"बाई म्हणाल्या," ती म्हणाली, "एवढ्या मोठ्यानं बोलू नकोस, बाळ जागं होईल."

"म्हणजे… पास?"

"पास. आता परवान्याच्या परीक्षेला बसता येईल."

त्यानं आठवडाभर घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आणलं — "जोव्हेलिन, मला तुझ्याशी —"

"रविवारी तिता बेबिंगकडे ये," ती म्हणाली. "माझी मावशी. जुने कपडे घालून ये."

जुने कपडे का, ते रविवारी कळलं. फिलिपिनो रीतीनुसार मुलगी आवडली, तर मुलानं तिच्या घरी राबून दाखवायचं. तितानं त्याला पाणीही न विचारता शिडी दाखवली: छपराच्या पन्हळी पानांनी तुंबल्या होत्या. जोव्हेलिननं खालून शिडी धरली. मुठीत ओला पाला, नाकावर चिखल, आणि तिथून, वरूनच, त्यानं सांगून टाकलं.

"मला तू आवडतेस. फार आवडतेस. तुझ्याबरोबर राहायचंय मला."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिताचा आवाज आला, "डावीकडची पन्हळ राहिली अजून. आणि नीट कर, आम्हाला घाई नाही."

खाली शिडीवर गाल टेकवून जोव्हेलिन हळूच म्हणाली,

"मला आहे."