मुकं झालेलं घर

"डावीकडे! अरे, डावीकडे!"

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

धाड! बंब दाराच्या चौकटीवर आपटला आणि मटकन खाली बसला. डोळ्यांवरचा रुमाल ओढून काढत तो म्हणाला, "बास! आता दुसऱ्या कुणाचं तरी डोकं घ्या!"

"माझं घ्या! माझं!" शेपूट उड्या मारू लागला.

शेपूट हा खारीचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथे मागे मागे, म्हणून शेपूट. बंब तिचा आतेभाऊ, सुट्टीला आलेला. आणि खार? नावासारखीच चपळ मुलगी. तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. आई गेल्यापासून तर मुळीच नाही.

ते उभे होते ते घर नवं कोरं, सगळं लाकडाचं. बांधलं बाबांच्या कारखान्याने, पण आखलं होतं आईने. तिचं शेवटचं घर. ते होतं गाणं शिकवणाऱ्या बाईंसाठी, आणि बाईंना दिसत नव्हतं.

आज सकाळी बाई घर बघायला आल्या. चार पावलं चालल्या, भिंत चाचपत थांबल्या, मग दाराबाहेरच्या ओट्याच्या कडेला पाय घसरून पडता पडता वाचल्या.

"हे घर मुकं झालंय," त्या म्हणाल्या. "तिचा हात होता तोवर मला या घरात चालता येत होतं. आता नाही. मी पुतण्याकडे जाते. तुम्ही हे दुसऱ्या कुणाला द्या."

बाबा नुसते "खरं आहे, बाई," म्हणाले आणि खाली बघत बसले. संध्याकाळी पुतण्या गाडी घेऊन येणार होता.

"मोठी माणसं ना," खार तणतणली, "काही बिघडलं की आईचं नाव घेतात आणि गप्प बसतात! अरे, कारखान्याच्या अंगणात बाई एकट्या फिरायच्या. मी पाहिलंय!"

लाकडी घर आधी अंगणात उभं करून बघतात. नीट बसलं, की सांधे सोडायचे, प्रत्येक तुकड्यावर आकडा घालायचा आणि जागेवर नेऊन जसंच्या तसं जोडायचं. हे घर अंगणात होतं तेव्हा आई बाईंना त्यात रोज फिरवायची.

"हात धरून ना?" बंबने विचारलं.

"आधी आधी. नंतर ती नुसती मागे चालायची. पदरसुद्धा लागू द्यायची नाही. मग हाताचा काय संबंध? अंगणात काहीतरी होतं, ते इथे नाही!"

"घर तर तेच आहे की!"

"दिसायला तेच आहे. चला कारखान्यात!"

"जेवण?" बंब कळवळला. पण खार केव्हाच रस्त्यावर पोचली होती.

कारखान्याच्या मागच्या दाराशी गटारावर एक चिरलेली फळी टाकलेली होती. खार आणि बंब टणाटण पलीकडे गेले. शेपूट मध्येच थांबून खिदळायला लागला.

"चल ना! आणि तुझ्या चपला कुठायत?"

"घरातच राहिल्या. ताई, ही फळी गुदगुल्या करते!"

खारीने चपला भिरकावल्या आणि फळीवर पाय ठेवला. फळीभर आडव्या, उथळ लाटा होत्या. पटाशीने कोरलेल्या, एकीला लागून एक.

तिघांनी फळी उलटी केली. खाली खडूने आकडा होता आणि शेजारी आईचं अक्षर: 'ओटा, पायरीच्या आधी'.

"सांधे सोडताना ही चिरली," खार हळूच म्हणाली. "म्हणून तिथे दुसरी बसवली. पण बाकीच्या? दारांपुढेही अशाच असणार ना? त्या कुठे गेल्या?"

ती धावतच कारखान्यात लाकूड घासणाऱ्या पॉलिशकाकांकडे गेली.

"त्या खडबडीत फळ्या होय?" काका छाती फुगवून म्हणाले. "मशीन फिरवून आरसा केल्या आरसा! भांग पाड त्यात बघून!"

"कुणी सांगितलं होतं?"

"तुझ्या बाबांनीच. म्हणाले, तिच्या हातून रंधा मारायचा राहून गेला, तेवढं तिचं काम पूर्ण करा."

खार प्रथमच काही क्षण जागची हलली नाही.

"आता?" बंब कुजबुजला. "मामांना सांगायचं कसं?"

"सांगायचंच नाही. तोंडाने कशाला सांगायचं?"

तिघांनी फळी नव्या घरी वाहून नेली आणि ओट्याच्या कडेला ठेवली. मग खारीने बाबांना जवळजवळ ओढतच आणलं.

"बाबा, एकच डाव! चपला काढा आणि डोळे बांधा."

"खारू, आज नको गं."

"आजच!"

बाबा हात पुढे करून चालू लागले. बंब खालच्या पायरीवर पोत्यासारखा पसरला होता. मामा पडलेच, तर त्याच्यावर पडणार होते! बाबांचं पाऊल फळीवर पडलं आणि ते जागच्या जागी थांबले. कुणी 'थांबा' म्हणालं नव्हतं.

ते खाली बसले. रुमाल न काढताच त्यांनी फळीवरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"राहून गेलं नव्हतं," ते म्हणाले. "तिने मुद्दाम केलं होतं. आणि मी ते पुसून टाकलं."

"तुम्हाला कुठे माहीत होतं!" खार म्हणाली. "बाबा, उठा ना! संध्याकाळ होत आली!"

गाडी आली तेव्हा बाई निरोप घ्यायला उतरल्या. खारीने त्यांना हात धरून दाराशी नेलं, चपला काढायला लावल्या आणि तोंड ओट्याच्या कडेकडे वळवलं. बाई कंटाळून दोन पावलं चालल्या. फळी लागली. त्या थबकल्या.

"पायरी!" त्या ओरडल्या. "पुढे पायरी आहे! अगं, म्हणजे तिचा हात नव्हता तो? माझेच पाय होते?"

"तुमचेच!" तिघं एका सुरात म्हणाले.

"शाबास रे पोरांनो! आम्ही शहाणी माणसं रडत बसलो आणि तुम्ही शोधून काढलंत!" मग त्या पुतण्याकडे वळल्या. "गाडी बंद कर. मी येत नाही."

बाई जमिनीवर बसल्या आणि अंगणात पायांना कुठे काय लागायचं ते आठवून सांगू लागल्या. स्वयंपाकघराशी लाटा उभ्या, न्हाणीघराशी गोल खळगे. बाबा पटाशी चालवू लागले, धावत आलेले पॉलिशकाका मान खाली घालून कडा घासू लागले. पहिल्या उंबऱ्यापुढची फळी झाली, तशी बाईंनी तिच्यावर पाऊल टेकवलं.

"फार खोल गेलंय. तिचा हात हलका होता."

"माझा जड आहे, बाई," बाबा म्हणाले. "पुन्हा करतो."

"काही नको. ओट्याशी ती आहे, इथे तुम्ही. पायांना बरोबर कळतंय. पुढची फळी घ्या."