विचार करते

दोतोंबोरी कालव्यावरच्या पुलाखालून होडी निघाली, तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, पुलाचं नाव चुकलं!"

होडीतले पर्यटक खो खो हसले. दूर उत्तरेकडच्या आकिताहून येऊन ओसाकाची माहिती सांगायची नोकरी धरलेली चिझुरु लाजून लालेलाल झाली... आणि वर तो, भर पावसात, छत्रीशिवाय हसत उभा!

सुटी होताच ती तरातरा त्याच्या ताकोयाकीच्या, म्हणजे ऑक्टोपस भरलेल्या गरम गोळ्यांच्या, गाड्यावर गेली. "माझी अब्रू घालवलीस. आता फुकट खायला घाल."

"एवढंच? मला वाटलं, लग्नच मागतेस!"

सोहेई असाच, तोंडाचा फाटका. रोज संध्याकाळी दिवे लागले की तो पुलावर हात हलवत उभा राहायचा आणि ती माइकवर सांगायची, "उजवीकडे पाहा, ओसाकातला सगळ्यात आगाऊ माणूस!"

पण त्या गुरुवारी तो हसला नाही. "नागोयाच्या हॉटेलवाल्याला घरजावई हवाय. ताई मागे लागलीये. रविवारी उत्तर द्यायचंय." तो गोळे उलटत राहिला. "तू हो म्हण— मी तिकडे नाही सांगतो."

तिचं काळीज धडधडलं. वडील मासेमारीच्या बोटीवर, रविवारी परतणार. त्यांना न विचारता कसं...? "विचार करते," ती म्हणाली. अगदी मनापासून.

"बरं," तो म्हणाला. त्यानंतर तो पुलावर आला नाही. लाजला असेल, असं वाटून ती वेडी गालात हसायची.

रविवारी दुपारी वडिलांचा होकार मिळाला. ती धावतच गाड्यावर गेली, तर तिथे त्याची बहीण मित्सुए.

"आता कशाला आलीस? सकाळीच हो सांगून नागोयाला गेला तो. तू नाही म्हणालीस ना!"

"मी? मी तर 'विचार करते' म्हणाले!"

मित्सुएने कपाळावर हात मारला. "अगं बाई माझे! ओसाकात तोंडावर नाही म्हणतं का कुणी? 'विचार करते' म्हणजेच नाही. शेंबडं पोरही जाणतं!"

चिझुरुने तिथूनच फोन लावला. "सोहेई, माझं हो आहे. पहिल्यापासून हो होतं रे!"

पलीकडे कपबशा वाजत होत्या. कुणीतरी हाक मारत होतं, "जावईबापू, या ना!"

"चिझुरु..." त्याचा आवाज फाटला. "विचार करतो गं."

सकाळी हे ऐकलं असतं, तर ती आशेने वाट पाहत बसली असती.

संध्याकाळच्या फेरीला तिने पुलाचं नाव अगदी बरोबर सांगितलं. वरून कुणीच ओरडलं नाही.