राखेतलं पाऊल

तुम्हाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. ज्यांच्या डोळ्यांदेखत घडलं ते नथ्थूमामा, माझ्या आईचे थोरले भाऊ. भुताखेतांवर त्यांचा तिळभर विश्वास नव्हता.

त्या दुपारपर्यंत.

हो, दुपारच. रात्र नव्हे. सन सत्तावन्न, पूस महिना. मूलच्या पलीकडे, जंगलाच्या कडेचा एक लहानसा दवाखाना. अंगणात ऊन असं पसरलेलं की जणू कुणी धान वाळत घातलंय.

मामा नागपूरच्या एका प्रयोगशाळेत कामाला होते. पांढऱ्या उंदरांचे पिंजरे घेऊन रेल्वेनं मूलला उतरले, पुढे बैलगाडीनं आले. कारण जवळच्या टोल्यावर, गोंडांच्या लहानशा वस्तीवर, पत्रू नावाचा माणूस मेला होता, आणि त्याची लेक बुधरी दवाखान्याच्या ओसरीवर शेवटच्या टोकाला पडली होती.

दोघांनी वास्ते खाल्ले होते. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. टोल्यावर ते उघड्या मडक्यात आंबवतात, नाहीतर उन्हात वाळवतात. पत्रूनं यंदा हौसेनं पत्र्याच्या डब्यात भरले. झाकणाच्या फटी रानातल्या लाखेनं बुजवल्या. वारा जाऊ नये म्हणून.

वारा गेला नाही.

आत विष झालं.

पत्रूची बायको सोमारी त्या दिवशी माहेरी होती, म्हणून वाचली. लेकीच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. आवाज गेला होता. घोट उतरत नव्हता.

डॉक्टरांकडे उताऱ्याच्या दोन बाटल्या होत्या, दोन जातींच्या विषांवरच्या. घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध ते. एवढ्या खचलेल्या पोरीला दोन्ही एकदम द्यायला त्यांचा हात धजेना. मग कुठला द्यायचा?

निवाडा उंदरांनी करायचा. विष ओळखायला, त्याचा जोर मोजायला तेव्हा दुसरं यंत्र नव्हतं. विष पातळ करत जायचं, आणि जिथं निम्मे उंदीर मरतात, निम्मे जगतात, तिथं त्याचा जोर कळायचा. पण तो हिशेब नंतरचा. आधी उतारा ठरवायचा होता. काही उंदरांना पहिला, काहींना दुसरा, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना डब्यातल्या वास्त्यांचं पाणी टोचायचं. जे जगतील, त्यांचा उतारा खरा.

त्या दुपारच्या आदल्या दिवशी सकाळी मामा टोचायला बसले, तोच दारातून आवाज आला.

"भाऊ, थांबा जरा."

सोमारी होती. पायाला राख लागलेली.

"काय झालं, बाई?"

"आज तिसरा दिवस. तो जिथी मेला तिथी राख पसरून टोपली झाकली होती. सकाळी उचलून पाह्यली..." ती थांबली. "राखेत उंदराचं पाऊल होतं."

त्यांच्यात तशी रीत. गेलेला जीव कुठल्या रूपानं परत आला, ते राख सांगते.

"घरात उंदीर कमी हायेत का तुमच्या?" मामा म्हणाले.

"घरचा उंदीर मले समजत नाई का? तो इथी आला हाये. तुमच्या पिंजऱ्यात. टोचा, मी नाई म्हणत नाई. पोरीसाठीच आला असंल. पण भाऊ, त्याले विचारून टोचा."

कोपऱ्यात बाटल्या धुणारा डोमा कंपाउंडर खुदकन हसला. "विचारा ना नथ्थूभाऊ! सरकारी काम हाये, अंगठा घ्या त्याचा!"

मामाही हसले. मुठीतला उंदीर त्यांनी तोंडासमोर धरला.

"काय पत्रूभाऊ, टोचू का?"

उंदीर धडपडायचा थांबला.

मिशीसुद्धा हलेना. नुसता बघत राहिला...

मामांचं हसू विरलं. त्यांनी घाईनं सुई घेतली, टोचली, आणि त्याला दुसऱ्या उताऱ्याच्या पिंजऱ्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन पिंजरे गप्प झाले होते, उतारा न दिलेल्यांचा आणि पहिल्या उताऱ्याचा. ह्या विषानं उंदीर ओरडत नाही. श्वास ओढता ओढता कंबर आत जाते, गांधीलमाशीसारखी, आणि संपतो.

दुसऱ्या उताऱ्याच्या पिंजऱ्यातले खेळत होते.

एक सोडून.

तो कुशीवर पडला होता. कंबर आत गेलेली.

डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "हा मेला तर ह्या उताऱ्याचाही भरवसा नाही. थोडं थांबू."

"पोरगी थांबंल का, साहेब?" मामांनी विचारलं.

डॉक्टर पोरीला बघायला ओसरीवर गेले.

मामा एकटे उरले. आणि मग ऐकू आलं...

श्वास.

उंदराचा नव्हे. माणसाचा. लांब, घरघरता. आत ओढलेला... मध्ये मोठी पोकळी... मग सोडलेला.

मामांनी मागे पाहिलं. कुणी नव्हतं.

सोमारी दारात येऊन उभी राहिली. तिनंही ऐकलं होतं.

"असाच घेत होता," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी."

ती पिंजऱ्याजवळ बसली. जाळीला कपाळ टेकवून गोंडीत काहीबाही बोलू लागली, अगदी हळू, जशी थकून आलेल्या माणसाला जेवायला उठवावं. श्वास अडे. ती बोले. श्वास पुन्हा चाले.

डॉक्टर परत आले तेव्हा उंदीर जिवंत होता.

"अजून आहे? बस्स. हाच उतारा."

ओसरीवर बुधरीच्या दंडात सुई गेली. इकडे पिंजऱ्यात एक श्वास सुटला...

पुढचा आला नाही.

सामान आवरताना डॉक्टरांनी तबकातली एक सिरिंज उचलली. "नथ्थू, ही भरलेली कशी?"

मामांनी ती उजेडात धरून पाहिली. दुसऱ्या उताऱ्याची होती ती, कालच्या त्या घाईत टोचायची राहिलेली. त्या उंदराला उतारा मिळालाच नव्हता. नुसतं विष. तो सगळ्यांच्या आधी मरायला हवा होता.

बुधरी वाचली. उतारा नवं नुकसान थांबवतो, झालेलं परतवत नाही. म्हणून ती हळूहळू उठली. विषाचा जोर मोजायचं काम चालू होतं, मामा तिथंच होते. आधी पापण्या उघडल्या. मग पेज उतरू लागली. आवाज तेवढा नव्हता.

तोही एका दुपारी आला. सोमारी उशाशी होती.

"बुधरीची माय... पाणी दे."

पोरगी बोलली होती. पत्रू बायकोचं नाव कधी घेत नसे, ह्याच शब्दांनी हाक मारायचा.

सोमारीनं पाणी पाजलं. गडवा खाली ठेवला. मग मामांकडे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"भाऊ, हा तर आला. माझी पोरगी कुठी गेली?"

मामांची नजर नकळत आतल्या पिंजऱ्याकडे गेली. उरलेले उंदीर गवतात झोपले होते.

एक तेवढा जाळीला नाक लावून उभा होता...

सोमारीकडे बघत.

त्या उंदराचं पुढं काय केलं, ते मामांनी मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं की ते उठून बाहेर अंगणात जात.